दुपारनंतर बूट चावायला लागतो: खडकाळ वाटेवर पायाचं दुखणं कसं शोधायचं

लांब पल्ल्याच्या चालीत मी बहुतेक वेळा सगळ्यांच्या मागे असतो. मागून चालणाऱ्याला पुढच्यांचे पाय दिसत राहतात. कुणाची डावी टाच नीट टेकत नाही, कुणी उतारावर पाऊल तिरकं टाकायला लागलंय, कुणी थांबलं की बुटाची टाच दगडावर ठोकून पाय मागे सरकवतंय. असं दिसलं की मी विचारतो, "बूट चावतोय का?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "थोडासा. मुक्कामाला बघू."

मुक्कामाला बघायचं तेव्हा फार उशीर झालेला असतो. चुरचुर सुरू झाली त्या क्षणी थांबलं तर पाच मिनिटांचं काम असतं. मुक्कामापर्यंत ताणलं तर पुढचे तीन दिवस लंगडण्यात जातात. मी हा बिघाड इतक्यांदा आणि इतक्या जणांच्या पायांवर पाहिलाय, की आता कुठून सुरुवात करायची हे हातांनाच कळतं. तोच क्रम इथे लिहितोय: आधी फुकटचं आणि सोपं, मग खर्चाचं, आणि शेवटी जिथे आपण हात लावायचा नाही ते.

आधी लक्षणं नीट ओळखा

"पाय दुखतोय" एवढ्यावरून काही कळत नाही. कुठे दुखतं आणि केव्हा दुखतं, या दोन प्रश्नांत अर्धं निदान होतं.

टाचेच्या मागे चुरचुरतं आणि चढावर वाढतं: बुटात टाच वर-खाली होतेय.

चवड्याखाली आग होते, सकाळी काही नाही आणि दुपारनंतर असह्य: पाय ओला झालाय आणि बुटात पुढे-मागे सरकतोय.

उतारावर बोटांची टोकं दुखतात, नख दाबलं की ठणका लागतो: बोटं बुटाच्या पुढच्या भिंतीवर आपटतायत. यातूनच पुढे नख काळं पडतं.

करंगळीला किंवा दोन बोटांच्या मधे टोचतं: मोज्याची चुणी, शेजारच्या बोटाचं नख, किंवा अरुंद बूट.

फोड कुठेच नाही, पण अख्खा तळवा ठेचल्यासारखा झालाय: तळ पातळ आहे किंवा झिजलाय.

आणि एक वेगळं लक्षण. बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी, हाडावर, दुखतं आणि पाऊल टाकलं की वाढतं. तसं असेल तर खालच्या तपासण्या सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा.

नेमकं बिघडतं काय

हे समजलं की पुढची प्रत्येक तपासणी कशासाठी आहे ते आपोआप कळेल. एका हाताचं बोट दुसऱ्या हाताच्या पाठीवर टेकवा आणि न घसरू देता पुढे-मागे हलवा. बोटाखालची कातडी बोटाबरोबर सरकते, हाड मात्र जागेवर राहतं. मधला थर ताणला जातो. बुटात हेच उलट होतं: ओली कातडी मोज्याला धरून राहते, आणि आत हाड हलतं. हा ताण हजारो वेळा बसला की वरच्या त्वचेच्या आत फट पडते आणि मग त्या फटीत पाणी भरतं. म्हणजे फुगलेला फोड दिसतो तेव्हा इजा होऊन बराच वेळ गेलेला असतो. कातडी वरवर घासली जाऊन फोड येतो असं आपण समजतो, पण बहुतेक फोड या आतल्या ताणाने येतात.

सपाट रस्त्यावर न चावणारा बूट खडकावर का चावतो, याचंही उत्तर यातच आहे. रस्त्यावर प्रत्येक पाऊल सारखं पडतं. खडकाळ वाटेवर एक पाऊल डावीकडे कलतं, दुसरं उजवीकडे, तिसरं अर्धंच दगडावर टेकतं. दर वेळी पाय बुटात थोडासा वेगळ्या दिशेला सरकतो. 20 किलोमीटरला साधारण 30 हजार पावलं धरा, आणि दगडांत पाऊल आखूड पडतं म्हणून त्याहून जास्तच. प्रत्येक सरकणं केसाएवढं असलं तरी बेरीज मोठी होते.

तेव्हा उपाय चारच प्रकारचे: पायाचं सरकणं कमी करा, ओल कमी करा, दाब पसरवा, किंवा पावलं कमी करा.

पहिली तपासणी: थांबा आणि बूट काढा

हिला काहीच खर्च नाही, तरी नेमकी हीच टाळली जाते. आपल्यामुळे सगळे खोळंबतील या संकोचाने लोक गप्प चालत राहतात. मी निघतानाच सांगून ठेवतो: पहिल्या तासाभरानंतर सगळ्यांनी थांबायचं आणि सगळ्यांनी बूट काढायचे. मग एकट्याला थांबल्यासारखं वाटत नाही.

बूट काढून नुसता झटकू नका. मोजाही काढा आणि उलटा करा. आतला इनसोल बाहेर ओढा, त्याखाली बोट फिरवा. शिलाईवरून, जिभेच्या कडेवरून, टाचेच्या अस्तरावरून बोट न्या. एकदा एका सोबत्याच्या चवड्याखालची आग काही केल्या थांबेना. बूट दोनदा झटकून झाला होता. मोजा उलटा केला तेव्हा विणीत अडकलेला एक गवताचा काटेरी कुसळ सापडला, नखाने उपटून काढावा लागला एवढा रुतलेला. त्याखालची कातडी गोल लाल झाली होती, पण अजून फुगली नव्हती. कुसळ काढला, पट्टी लावली, आणि तो पुढचे दोन्ही दिवस नीट चालला.

घसाऱ्यावरून उतरलात तर बारीक खडी घोट्याच्या बाजूने आत जातेच. अशा टप्प्यानंतर दुखो न दुखो, बूट झटका. हे फार झालं तर घोट्याभोवती बांधायचं गेटर घ्या.

मोजा परत घालताना टाच टाचेवर आणि शिलाई बोटांच्या वर आली आहे ना, ते बघा. तळव्याखाली हात फिरवून चुणी सपाट करा. आतली गुंडाळी तांदळाएवढी असली तरी संध्याकाळपर्यंत ती जागा सोलवटते.

दुसरी: लेस

बहुतेकांच्या लेसा सकाळी एकदा बांधल्या की रात्रीच सुटतात. पण पाय दिवसभर तसाच राहत नाही. चालून तो सुजतो, सकाळी नेमका बसणारा बूट दुपारी आवळतो. आणि चढाला जी बांधणी सोयीची, ती उतारावर चुकीची.

टाच उचलली जात असेल तर टाचेची पकड वाढवा. बुटाला सगळ्यात वर, थोडं मागे सरकलेलं एक जादा भोक असतं. पुष्कळ जण ते कधी वापरतच नाहीत. त्या भोकातून लेस त्याच बाजूने आत घालून एक छोटी कडी करा, समोरच्या लेसचं टोक या कडीतून ओढा, दोन्हीकडे असंच करून मग खाली आणि मागे खेचून गाठ मारा. टाच मागच्या वाटीत बसते आणि तिथेच राहते. लेस अडकवायचे हुक असलेल्या बुटांत घोट्याच्या वळणावर लेसांना एकमेकींभोवती एकाऐवजी दोन वेढे द्या. त्या दुहेरी वेढ्याने खालचा आणि वरचा ताण वेगळा ठेवता येतो, म्हणजे चवडा मोकळा आणि घोटा घट्ट.

उतार सुरू व्हायच्या आधी हे करायलाच हवं. बूट घालून टाच जमिनीवर दोनदा ठोका, पाय पूर्ण मागे गेला की घोट्याच्या वळणाशी आवळा. बोटं पुढे आपटणं बऱ्याचदा एवढ्यानेच थांबतं. पण पायाच्या पाठीवर मुंग्या आल्या किंवा बधिर वाटलं तर ते फार आवळलं गेलंय, एक वेढा सैल करा.

तिसरी: नखं

पायाची नखं निघायच्या दोन-तीन दिवस आधी सरळ रेषेत कापा, कोपरे फार आत घेऊ नका. आदल्या रात्री कापली तर धार शेजारच्या बोटात रुतते. टाचेचे आणि चवड्याचे जाड घट्टेही आधीच्या आठवड्यात थोडे थोडे घासून पातळ करा. घट्ट्याखाली फोड आला तर तो खोल असतो, लवकर दिसत नाही आणि फार दुखतो.

चौथी: ओल

माझ्या अनुभवात चवड्याखालच्या आगीचं कारण दहातल्या बहुतेक वेळा ओल असते. पाय कोरडा असताना कातडी मोज्यावर थोडी घसरते. दमट झाला की ती चिकटते. 1955 सालीच त्वचेच्या घर्षणावर झालेल्या प्रयोगांत दमट त्वचेचं घर्षण कोरड्या त्वचेपेक्षा जास्त असल्याचं मोजून दाखवलं गेलं होतं. म्हणजे घाम आपल्याला वंगण देत नाही, गोंदासारखा वागतो.

बूट काढला की तळव्याचा रंग बघा. पांढुरका आणि सुरकुतलेला असेल तर दुसरं काही शोधायच्या आधी तो वाळवा. जेवणाच्या थांब्यावर बूट-मोजे काढून पाय उघडे ठेवा, शक्य तर सॅकवर उंच. मोज्याचे दोन जोड आलटून पालटून वापरा, ओला जोड सॅकच्या बाहेर अडकवून वाळू द्या. सुती मोजे पाणी धरून ठेवतात, ते लांबच्या चालीला नकोत. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे घ्या. ज्यांना बोटांच्या मधे फोड येतात त्यांना पाच बोटांचे मोजे पुष्कळदा उपयोगी पडतात. आत पातळ आणि वर जाड असे दोन मोजेही चालतात, मग सरकणं कातडीऐवजी दोन मोज्यांच्या मधे होतं. बुटात तेवढी जागा मात्र हवी.

पेट्रोलियम जेलीबद्दल नेहमी विचारलं जातं. सुरुवातीला ती बरी वाटते, पण काही तासांत जिरते आणि मग घर्षण पुन्हा वाढतं. शिवाय धूळ आणि बारीक वाळू तिला चिकटून बसते. खडकाळ, धुळीच्या वाटेवर मी तळव्याला ती लावत नाही.

ओढा ओलांडल्यावर "चालता चालता वाळतील" म्हणून पुढे निघू नका. मोजे पिळा, इनसोल पुसा, कोरडे मोजे घाला. त्या दहा मिनिटांची भरपाई दुपारी होते.

पाचवी: टेप

कारण दूर केल्यावरच टेप. खडा आत ठेवून वर टेप लावली तर काहीच साधत नाही.

मी औषधाच्या दुकानातली साधी कागदी टेप वापरतो. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 250 किलोमीटरच्या, टप्प्याटप्प्याने धावायच्या शर्यतीत 128 धावपटूंच्या पायांवर ती तपासली होती. लावलेल्या भागात फोडांचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी कमी आढळलं. तिचा गोंद सौम्य असतो, म्हणून काढताना फोडावरची कातडी सोबत येत नाही. पण घामाने ती लवकर सुटते हेही खरं, म्हणून दर मोठ्या थांब्याला बघावी लागते.

लावताना जागा पुसून पूर्ण कोरडी करा. टेपचे कोपरे गोल कापा, कारण टोकदार कोपरा मोज्याला अडकून उलटतो. जागेच्या चारी बाजूंना दोन बोटं जास्त जाऊ द्या. ताणून लावू नका, चुणी पडू देऊ नका. टाचेला लावताना पाऊल काटकोनात धरा. मग तळहाताने अर्धा मिनिट दाबून ठेवा, उबेने ती नीट बसते. मोजा घालताना वरून ओढण्याऐवजी गोळा करून चढवा.

सहावी: चाल आणि ओझं

इथे खर्च नाही, पण सवय बदलावी लागते. उतारावर लांब टांगा टाकल्या की प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे आदळतो. पाऊल आखूड करा, गुडघा किंचित वाकवा, दगडाच्या टोकावर पाय देण्याऐवजी शक्य तिथे अख्खा तळवा टेकेल अशी जागा बघा. काठ्या असतील तर उतारावर थोड्या लांब करा आणि खरोखर त्यांच्यावर भार द्या, नुसत्या मिरवू नका.

सॅकमधलं ओझं पायावर दाब वाढवतं आणि दाब वाढला की आतला ताणही वाढतो. कमरेचा पट्टा कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर घट्ट नसेल तर सॅक डुलते, आणि तिचा प्रत्येक झोका शेवटी पावलावर येतो. पुष्कळ लोक पाय दुखतात म्हणून आणखी जाड, जड बूट घेतात. त्यांच्यासाठी एक जुनी पण पक्की गोष्ट: 1969 सालच्या मोजणीत असं दिसलं की पायावरचं वजन वाहायला धडावरच्या तेवढ्याच वजनापेक्षा सुमारे चार ते सहा पट शक्ती लागते. थकलेला पाय नीट पडत नाही, आणि नीट न पडलेला पाय बुटात जास्त सरकतो.

सातवी: बूटच चुकीचा आहे का

वरचं सगळं करूनही त्याच जागी, प्रत्येक चालीत दुखत असेल तरच पैसे खर्च करायचा विचार करा.

इनसोल काढून जमिनीवर ठेवा आणि संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, त्यावर उभे राहा. शक्य तर सॅक पाठीवर घेऊनच, कारण भाराखाली पाऊल लांब आणि रुंद होतं. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ते बोट नेहमी अंगठाच असेल असं नाही. पायाची कड इनसोलच्या बाहेर येत असेल तर बूट अरुंद आहे, आणि तो "वापरून सैल होईल" यावर फार विसंबू नका.

तळवा ठेचला जात असेल तर बुटाच्या पुढच्या भागाखाली अंगठ्याने जोरात दाबा. आत इनसोलवर तो दाब स्पष्ट जाणवला तर वाटेवरचा प्रत्येक दगडही तसाच जाणवणार. थोडा ताठ तळ किंवा आत संरक्षक पत्रा असलेला बूट लागेल. मात्र फार ताठ तळ वाकत नाही, म्हणून चढावर टाच उचलली जाते आणि फोड टाचेला येतो. तळव्याचं दुखणं टाचेला नेऊन ठेवलं असं होऊ नये म्हणून बूट घेताना तिरप्या फळीवर चढून-उतरून बघा. जुन्या बुटात वरून सगळं शाबूत दिसतं, पण मधला फोम बसलेला असतो. बाजूने आडव्या सुरकुत्या पडल्या असतील आणि दाबल्यावर तो परत उसळत नसेल तर त्या बुटाचे दिवस संपले.

नवे बूट मोठ्या चालीआधी कित्येक दिवस, त्याच मोज्यांवर आणि तेवढ्याच ओझ्याने वापरून घ्या.

फोड आलाच तर

लहान असेल आणि फारसा दुखत नसेल तर फोडू नका. वरची कातडी ही उत्तम पट्टी आहे, आतलं पाणी आपोआप शोषलं जातं. मधोमध भोक पाडलेली जाड नमद्याची (दाबून केलेल्या लोकरीच्या कापडाची) चकती फोडाभोवती लावा म्हणजे दाब कडेला जाईल.

मोठा, ताणलेला असेल आणि त्यावर पाऊल टाकणंच अशक्य असेल, पुढे चालणं भाग असेल, तरच पाणी काढा. हात साबणाने धुवा, जागा धुवा, सुई स्पिरिटने पुसा. मधोमध टोचू नका. खालच्या कडेला दोन-तीन बारीक छिद्रं करा आणि स्वच्छ कापडाने हलकं दाबा. वरची कातडी काढू नका, कापू नका. वर न चिकटणारी पट्टी, मग टेप. पट्टी रोज बदला आणि जागा बघा. आत रक्त दिसत असेल तर सुई लावू नका.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

मधुमेह असेल, पायाला संवेदना कमी असतील किंवा रक्तप्रवाहाचा त्रास असेल तर फोड स्वतः फोडायचाच नाही. लहान वाटला तरी नाही. वरच्या सगळ्या तपासण्या अशांनी निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून ठरवाव्यात.

फोडाभोवती लाली पसरत चाललीय, जागा गरम लागते, पू येतो, ताप आहे, किंवा लाल रेषा पायावरून वर चढतेय: हे संसर्गाचं लक्षण आहे. चाल तिथेच संपवा आणि त्याच दिवशी उपचार घ्या. उद्या बरं वाटेल म्हणून आणखी एक रात्र काढू नका.

पाय मुरगळलाय आणि त्या पायावर चार पावलंही टाकता येत नाहीत, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेला, पावलाच्या बाहेरच्या कडेवरच्या मधल्या उंचवट्यावर, अथवा आतल्या बाजूने कमानीच्या वरच्या हाडावर दाबल्यावर दुखतं: एक्स-रे काढायला हवा. डॉक्टरही साधारण याच खुणांवरून एक्स-रेची गरज ठरवतात. लंगडत उतरण्यापेक्षा मदत मागवा.

आणि सुरुवातीला सांगितलेलं ते एकाच जागचं दुखणं. चवड्याच्या मागे, पावलाच्या पाठीवर सूज, बोटाने दाबलं की नेमकं तिथेच कळवळतं, विश्रांतीने कमी होतं आणि चाललं की परत येतं. हाडाला ताणाने बारीक तडा गेल्याची ही खूण असू शकते. 1855 साली प्रशियाच्या सैन्यातल्या एका डॉक्टरने लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पायांचं हेच वर्णन केलं होतं, तेव्हा एक्स-रेचा शोधही लागायचा होता. टेप, लेस, इनसोल यांचा यावर काही उपयोग नाही. सुरुवातीच्या दिवसांत एक्स-रेमध्येही तडा दिसेलच असं नसतं, म्हणून रिपोर्ट साफ आला तरी पुन्हा चालू लागू नका. दुखणं कधी सुरू झालं, त्या दिवशी किती चाललात, ओझं किती होतं, हे डॉक्टरांना नीट सांगा. आणि चालीत वापरलेले तेच बूट सोबत घेऊन जा, तळ कुठे झिजलाय ते त्यांना बघता येईल.